तिसऱ्या रात्री फ्रिज बंद पडतो तेव्हा: कॅम्पर व्हॅनच्या सोलरची तपासणी

आधी लक्षणं सांगतो. यातलं एखादं ओळखीचं वाटलं तर पुढचं वाचा.

पहिली रात्र उत्तम जाते, दुसरी बरी जाते आणि तिसऱ्या रात्री दोन-तीनच्या सुमारास फ्रिज बंद पडतो, इन्व्हर्टर टीं-टीं करायला लागतो. घरी येऊन चार्जर लावला की सगळं पुन्हा ठीक.

दुपारी बाराला कंट्रोलर (पॅनलची वीज बॅटरीत नीट भरणारा डबा) ‘बॅटरी फुल’ दाखवतो, रात्री दहाला दिवे मंद.

सकाळी बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते, पण दोन पंखे लावले की काटा धाडकन ११.५ वर.

बॅटरीचं व्होल्टेज चांगलं असतं, दिवे लख्ख असतात, तरी फ्रिज लाल दिवा लुकलुकवत बंद पडतो.

भर दुपारी छतावरच्या ३३० वॅटच्या पॅनलमधून शंभर वॅटसुद्धा येत नाहीत.

कोल्हापूरजवळ शिरोलीत मी व्हॅनचं वायरिंग करतो. फोर्स ट्रॅव्हलर आणि टाटा विंगरवर बांधलेल्या घरगुती कॅम्पर व्हॅन माझ्याकडे जास्त येतात. कोकणात उतरणारे, गोव्याला जाणारे, उन्हाळ्यात थेट लेहपर्यंत मारणारे असे सगळे. गाड्या वेगळ्या असतात, तक्रार मात्र बहुतेक वेळा वरच्या पाचांपैकीच एक. आणि दहातल्या सहा-सात गाड्या येण्याआधीच मालकाने एक जादा पॅनल विकत घेतलेलं असतं. तो खर्च वाचावा म्हणून हे लिहितोय. क्रम असा ठेवलाय की सुरुवातीच्या तपासण्यांना एक रुपया लागत नाही. त्या सोडून थेट शेवटच्यावर उडी मारू नका.

१. कागद-पेन्सिल घेऊन दिवसाचा खर्च मांडा

हे सगळ्यात सोपं आणि सगळ्यात जास्त टाळलं जाणारं काम. ‘तिसरी रात्र’ हे लक्षण असेल तर बहुधा काहीच बिघडलेलं नसतं. रोज थोडी तूट पडत असते. घरून भरलेली बॅटरी ती तूट दोन दिवस झाकते आणि तिसऱ्या दिवशी उघडी पडते.

हिशेब वॅट-तासांत करायचा. वस्तू किती वॅटची आणि दिवसाला किती तास चालते, एवढंच. हजार वॅट-तास म्हणजे वीजबिलातलं एक युनिट.

एका निवृत्त काका-काकूंच्या व्हॅनचं उदाहरण देतो, कारण त्यात जवळजवळ सगळ्या चुका एकत्र होत्या. तारकर्लीहून सकाळी सहाला काकांचा फोन आला. “अरे, तिसरं पॅनल बसवलं तरी फ्रिज तीनला बंद पडलाच की.” फ्रिजमध्ये काकूंचं महिन्याचं इन्सुलिन होतं. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं, आणि कोकणातल्या एप्रिलमध्ये बंद फ्रिज ती थंडी फार वेळ धरत नाही. त्यांना आधी जवळच्या मेडिकलमध्ये जाऊन इन्सुलिन तिथल्या फ्रिजमध्ये ठेवायला सांगितलं. गाडीचं नंतर बघू म्हटलं.

परत आल्यावर आम्ही तिघांनी बसून यादी केली ती अशी:

४५ लिटरचा १२ व्होल्टचा कंप्रेसर फ्रिज. चालताना ५० वॅट घेतो, पण सतत चालत नाही. कोकणातल्या उकाड्यात तासातली साधारण २४ मिनिटं चालतो असं धरलं. दिवसाचे ४८० वॅट-तास.
दोन पंखे, प्रत्येकी २५ वॅट, रात्रीचे नऊ तास. ४५० वॅट-तास.
दिवे ८०, मोबाइल आणि टॅब ६०, पाण्याचा पंप २०.

बेरीज १०९० वॅट-तास. छतावर आधीपासून १६५ वॅटची दोन पॅनलं होती, म्हणजे ३३० वॅट. महाराष्ट्रात वर्षाच्या सरासरीने दिवसाला पाचेक तास पूर्ण ताकदीच्या उन्हाइतकी ऊर्जा मिळते. ऊन बारा तास दिसलं तरी सकाळ-संध्याकाळचं तिरकं ऊन धरून हिशेब पाच तासांचाच. त्यातून काचेवरची धूळ, तापलेलं पॅनल, वायर, कंट्रोलर, बॅटरी असे सगळे आपापला वाटा खातात, म्हणून मी शंभराचे सत्तरच धरतो. ३३० गुणिले ५ गुणिले ०.७, म्हणजे ११५५. काठावर का होईना, पुरायला हवं होतं. मग फ्रिज का बंद पडला?

यादीत एक गोष्ट लिहायची राहिली होती.

२. इन्व्हर्टर बंद करून एक रात्र काढा

काकांचा १००० वॅटचा इन्व्हर्टर चोवीस तास चालू असायचा, कधी मोबाइलचा चार्जर लावायचा झाला तर असावा म्हणून. मी त्याच्या लाल वायरवर क्लॅम्प मीटर (वायरला चिमट्यासारखा लावून करंट मोजणारं यंत्र) लावला. सॉकेटमध्ये काहीही नव्हतं. मीटरवर १.५ अँपिअर.

काकू म्हणाल्या, “पण त्याला तर काही लावलेलंच नाही ना?”

नाही लावलेलं. तरीही १२ व्होल्टचे २३० करून तयार ठेवण्याचं काम तो करतच असतो. दीड अँपिअर म्हणजे १८ वॅट, चोवीस तासांचे ४३० वॅट-तास. जवळजवळ दुसरा फ्रिज! खर्च १०९० वरून १५२० वर गेला आणि ११५५ ची कमाई कमी पडायला लागली.

रात्रीचा हिशेब तर आणखी वाईट होता. १५० अँपिअर-तासांची ट्युब्युलर (लेड-ॲसिड) बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॅट-तास. लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवली की तिचं आयुष्य झपाट्याने कमी होतं, म्हणून हाताशी ९०० च धरायचे. संध्याकाळी सहापासून सकाळी आठपर्यंत फ्रिजचे २८०, पंख्यांचे ४५०, दिव्यांचे ८०, मोबाइलचे ४० आणि इन्व्हर्टरचे २५०. झाले ११००. तिसरं पॅनल बसवून दिवसाची कमाई वाढली होती, पण रात्री पॅनलचा उपयोग नाही. साठवायची टाकी तेवढीच होती आणि गळतीही तशीच चालू होती. इन्व्हर्टर बंद केल्यावर रात्रीचा खर्च ८५० वर आला. मोबाइलसाठी १२ व्होल्टवर चालणारा यूएसबी पॉइंट बसवला. एवढ्याने मुख्य दुखणं गेलं.

तुमच्या इन्व्हर्टरचा रिकामा खर्च त्याच्या माहितीपत्रकात ‘नो लोड करंट’ म्हणून दिलेला असतो. बघा आणि त्याला चोवीसने गुणा. मोठ्या इन्व्हर्टरचा हा खर्चही सहसा मोठाच असतो.

इथेच इंडक्शनचं सांगून टाकतो, कारण दर महिन्याला कोणीतरी विचारतं. १५०० वॅटची शेगडी १२ व्होल्टच्या बॅटरीतून १४० अँपिअरच्या आसपास ओढते. एका १५० च्या लेड-ॲसिड बॅटरीला हा भार झेपत नाही. व्होल्टेज कोसळतं आणि बॅटरी लवकर मरते. छतावरच्या एसीचं तेच. रात्रभराला तीन-चार युनिटं लागतात, आणि ती ट्रॅव्हलरच्या छतावर मावणाऱ्या पॅनलांतून रोज निघत नाहीत. या दोन वस्तू यादीत असतील तर मुक्कामाला बाहेरची वीज मिळेल अशीच जागा निवडा.

३. छतावर चढा: धूळ आणि सावली

बादलीभर पाणी आणि मऊ फडकं एवढं पुरतं. पहाटे किंवा संध्याकाळी धुवा. दुपारच्या तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नका, आणि तारेची घासणी तर अजिबात नको. लाल मातीच्या रस्त्याने आलेली गाडी दोन दिवसांत काचेवर पुटं घेऊन येते. पक्ष्याची शीट धुळीहूनही वाईट, कारण ती एकाच ठिकाणी ऊन पूर्ण अडवते.

सावलीबद्दल मात्र थांबून बोलायला हवं, कारण इथे लोकांचा अंदाज हमखास चुकतो. पॅनलचा दहावा भाग झाकला तर वीज दहा टक्के कमी होईल, असं वाटतं. तसं होत नाही. १२ व्होल्टच्या साध्या पॅनलमध्ये बहुधा ३६ घरं (सेल) एकामागे एक जोडलेली असतात, एका पाइपलाइनसारखी. एका घरावर सावली पडली की त्या रांगेतला करंट तिथे अडतो. मागच्या डब्यातले बायपास डायोड त्या रांगेला वळसा घालून उरलेली वाचवतात, पण साधारण अर्धं पॅनल जातंच. नारळाची एक झावळी, डिश अँटेनाचा दांडा किंवा छतावरच्या कॅरिअरचा पाइप एवढंही त्याला पुरेसं असतं.

काकांच्या गाडीत नेमकं हेच होतं. कॅरिअरचा आडवा पाइप पॅनलपेक्षा चार बोटं उंच होता. सकाळी दहापर्यंत त्याची सावली एका पॅनलच्या कडेवर आणि दुपारी तीननंतर दुसऱ्याच्या. मी सकाळी नऊला छतावर बसून पाइपाच्या सावलीवर पुठ्ठा धरून बघितला, मग पाइपच काढून बघितला. आकडा ४० वॅटवरून ९० वर गेला. पॅनलांखाली ठोकळे देऊन ती पाइपाच्या वर उचलली. उचलल्याने खालून हवाही खेळते आणि पॅनल कमी तापतं. हे महत्त्वाचं आहे, कारण छापील वॅट हे पॅनलचं तापमान २५ अंश असतानाचे असतात आणि त्यापुढे दर अंशाला साधारण ०.३५ ते ०.४ टक्के कमी होतात. विदर्भातल्या मे महिन्यात छताला चिकटवलेलं पॅनल ६५-७० अंशांवर सहज जातं. म्हणजे पंधरा टक्के तिथेच गेले.

कोकणात मुक्काम करताना सावलीत गाडी लावायचा मोह होतो. आंब्याखाली गाडी गार राहते, पण बॅटरी भरत नाही. नाश्त्यानंतर गाडी उन्हात काढायची सवय लावा. आणि नारळाखाली तर लावूच नका. वरून एक नारळ पडला की काच गेली.

हिवाळ्यात सपाट बसवलेल्या पॅनलकडून कमीच अपेक्षा ठेवा. मेच्या मध्यावर पुण्या-कोल्हापूरकडे दुपारचा सूर्य अगदी डोक्यावर असतो, पण डिसेंबरच्या शेवटी तोच दुपारीसुद्धा दक्षिणेला बराच कलतो. ३३० वॅटच्या सपाट पॅनलांनी मेच्या दुपारी २३०-२५० दिले आणि डिसेंबरात १७०-२०० दिले, तर पॅनलं ठणठणीत आहेत.

४. कंट्रोलरची सेटिंग बघा

इथेही खर्च नाही, वेळच लागतो. माहितीपत्रक हाताशी घ्या.

पहिलं, बॅटरीचा प्रकार. नवी लिथियम बॅटरी टाकली आणि कंट्रोलर जुन्या लेड-ॲसिडच्या सेटिंगवरच राहिला, असं वारंवार बघतो. लेड-ॲसिडला साधारण १४.४ व्होल्टपर्यंत नेऊन तिथे काही तास धरावं लागतं, मग १३.६ च्या आसपास फ्लोट, म्हणजे भरलेली बॅटरी तशीच राखणारं व्होल्टेज. लिथियम आयर्न फॉस्फेटलाही १४.२ ते १४.६ चालतं, पण ‘इक्वलाइझ’ नावाचा जास्त व्होल्टेजचा टप्पा तिला नको. तो बंद असल्याची खात्री करा. बॅटरीवर छापलेला आकडाच शेवटचा माना, माझा नव्हे.

लेहकडे जाणाऱ्यांसाठी: लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी शून्य अंशाखाली चार्ज करायची नसते. चांगल्या बॅटरीचं बीएमएस (आतलं रक्षण करणारं सर्किट) स्वतःच चार्जिंग अडवतं. सकाळी ऊन लख्ख आहे आणि करंट शून्य आहे असं दिसलं तर घाबरू नका. गाडी आतून उबदार होऊ द्या. बॅटरी बाहेरच्या पेटीत असेल तर ती आत घ्यायचा विचार निघण्याआधीच करायला हवा.

दुसरं, कंट्रोलर कोणता आहे. पीडब्ल्यूएम (साधा) की एमपीपीटी (पॅनलचं जास्तीचं व्होल्टेज अँपिअरमध्ये बदलून घेणारा)? सांगलीचा एक मुलगा घराच्या छतासाठीचं ७२ घरांचं ३३५ वॅटचं पॅनल स्वस्तात मिळालं म्हणून घेऊन आला. कंट्रोलर मात्र साधा पीडब्ल्यूएम. हे पॅनल ३७ व्होल्टला ९ अँपिअर देतं. पीडब्ल्यूएम ते ३७ व्होल्ट बॅटरीच्या १३ व्होल्टपर्यंत खाली ओढतो, अँपिअर तेवढेच राहतात. १३ गुणिले ९, म्हणजे ११७ वॅट. उरलेले दोनशेहून अधिक वॅट मिळतच नाहीत. पॅनलला दोष नव्हता, दुकानदाराने फसवलंही नव्हतं, जोडी चुकली होती. एमपीपीटी बसवल्यावर त्याच पॅनलने त्याच दुपारी २४० दिले. घरगुती मोठं पॅनल वापरणार असाल तर एमपीपीटीला पर्याय नाही. १२ व्होल्टचं छोटं पॅनल असेल तर पीडब्ल्यूएमवरही निभावतं.

तिसरं, वॅट कधी मोजताय तेही बघा. बॅटरी भरलेली असेल तर कंट्रोलर स्वतःच वीज घेणं कमी करतो. दुपारी दोनला ३० वॅट दिसले म्हणून पॅनल बाद ठरवू नका. सकाळी, बॅटरी उतरलेली असताना मोजा, किंवा पंखे-दिवे सगळे लावून मोजा.

५. मल्टिमीटर: व्होल्टेज वाटेत कुठे हरवतं?

पाचशे रुपयांचा मल्टिमीटर या कामाला पुरतो. क्लॅम्प मीटर घेणार असाल तर डीसी, म्हणजे बॅटरीचा करंट मोजणाराच घ्या. साधा स्वस्त क्लॅम्प एसी, म्हणजे घरच्या विजेचाच करंट मोजतो, बॅटरीच्या वायरवर तो शून्य दाखवतो आणि माणूस गोंधळतो.

‘बॅटरी चांगली, फ्रिज बंद’ या लक्षणाचं मूळ इथे सापडतं. कंप्रेसर चालू असताना आधी बॅटरीच्या टर्मिनलवर व्होल्टेज मोजा आणि लगेच फ्रिजच्या प्लगपाशी मोजा. दोन्हींत ०.३ पर्यंत फरक ठीक. काकांच्या गाडीत बॅटरीवर १२.२ होते आणि फ्रिजपाशी ११.१. बॅटरीची पेटी मागे, फ्रिज पुढे, जाऊन-येऊन १२ मीटर वायर, आणि तीही एक स्क्वेअर एमएमची. पाच अँपिअरला त्या वायरमध्येच ११०० मिलिव्होल्ट जात होते. फ्रिजला वाटायचं बॅटरी संपली, आणि गाडीची बॅटरी वाचवायला म्हणून तो स्वतःला बंद करायचा. चार स्क्वेअर एमएमची वायर टाकल्यावर तोच फरक ०.३ वर आला.

फ्रिजला बॅटरी-संरक्षणाचे तीन टप्पे असतात: हाय, मीडियम, लो. ‘हाय’वर तो सगळ्यात लवकर बंद पडतो. वेगळी घरगुती बॅटरी असेल तर मीडियमवर ठेवा, पण वायर सुधारायच्या आधी लोवर टाकून दुखणं झाकू नका. तशाने बॅटरी खरोखर रिकामी होते आणि कळतसुद्धा नाही.

सिगारेट लायटरचा प्लग हात लावून बघा. गरम लागला तर तिथे संपर्क सैल आहे. फ्रिज कायमचा तिथे लावायची माझी तयारी नसते, मी स्वतंत्र फ्यूज देऊन सरळ वायर टाकतो. बॅटरीच्या टर्मिनलवरचा पांढरा-हिरवा क्षार कोमट पाण्यात खायचा सोडा घालून धुवा, पाणी झाकणांतून आत जाऊ देऊ नका. पुसून, कोरडं करून, घट्ट आवळून वर व्हॅसलीनचा पातळ हात फिरवा. हे करताना आधी निगेटिव्ह काढायची, शेवटी निगेटिव्ह लावायची. उलट केलं आणि पाना गाडीच्या बॉडीला टेकला तर पाना वितळेल एवढा करंट वाहतो. हातातली अंगठी आणि कडं काढून ठेवा.

६. बॅटरीत जीव किती उरलाय?

‘दुपारी फुल, रात्री मंद’ आणि ‘पंखा लावला की काटा खाली’ ही दोन्ही लक्षणं बहुधा थकलेल्या बॅटरीची. टाकी लहान झाली की ती लवकर भरते आणि लवकर संपते. वर्षभर अर्धवट भरत राहिलेल्या लेड-ॲसिड बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं आणि क्षमता जाते. म्हणून पहिल्या मुद्द्यातली तूट वेळेत मिटवली नाही, तर ती शेवटी बॅटरीच्या बिलातून वसूल होते.

घरी करता येणारी परीक्षा अशी: बॅटरी पूर्ण भरा, सगळं बंद करून चार-पाच तास ठेवा. लेड-ॲसिड असेल तर १२.६ ते १२.७ दिसायला हवेत. मग हेडलाइटचा ५५ वॅटचा बल्ब लावा, विटेवर किंवा फरशीवर ठेवून, कारण तो भाजेल इतका तापतो. तो साडेचार-पाच अँपिअर घेतो. दर तासाला व्होल्टेज लिहा. चांगल्या १५० च्या बॅटरीला दहा तासांत तिसरा हिस्साच लागतो, ती तोपर्यंत १२ च्या वर सहज राहते. पाच-सहा तासांतच ११.८ च्या खाली गेली तर ती बदलायची वेळ झाली. पाणी घालायची बॅटरी असेल तर हायड्रोमीटरने (आतल्या ॲसिडची घनता मोजणारी नळी) सहाही घरं तपासा. एक घर बाकीच्यांपेक्षा ०.०५० ने खाली असेल तर ते घर गेलेलं आहे, आणि एक घर गेलं की सगळी बॅटरी गेली.

लिथियमला व्होल्टेजची परीक्षा चालत नाही. तिचं व्होल्टेज ऐंशी टक्क्यांना आणि तीस टक्क्यांना जवळजवळ सारखंच असतं. त्यासाठी शंटवाला बॅटरी मॉनिटर लागतो, जो आत-बाहेर गेलेले अँपिअर-तास मोजतो. माझ्या मते कुठल्याही व्हॅनमध्ये नवीन पॅनल घेण्याआधी घ्यायची वस्तू हीच.

७. पॅनल आणि त्याची जोडणी

इथून पुढे जपून. पॅनल उन्हात असेपर्यंत वीज बनवतच असतं, त्याला बटण नसतं. काम करण्याआधी त्यावर जाड गोधडी किंवा ताडपत्री टाका. लोड चालू असताना एमसी-४ कनेक्टर (पॅनलच्या वायरींचे प्लग) ओढून काढू नका, ठिणगी लांबते आणि कनेक्टर जळतो. कंट्रोलर सोडवताना आधी पॅनल सोडा, मग बॅटरी. जोडताना आधी बॅटरी, मग पॅनल. क्रम चुकला तर काही कंट्रोलर जागीच जातात.

गोधडी काढून, प्रत्येक पॅनल वेगळं करून मोकळं व्होल्टेज मोजा. १२ व्होल्टचं पॅनल उन्हात २० ते २२ दाखवतं. एकच पॅनल निम्मं दाखवत असेल तर मागच्या डब्यातला डायोड गेलेला असतो. सगळी नीट दाखवत असतील पण एकत्र जोडल्यावर करंट नसेल, तर कनेक्टर बघा. पक्कड दाबून केलेलं क्रिम्प (वायरवर दाबून बसवलेला जोड) वर्षभर टिकतं, मग घाटातल्या हादऱ्यांनी सैल होतं. प्लास्टिक तपकिरी किंवा वितळलेलं दिसलं तर दोन्ही बाजू बदला, आणि दोन्ही एकाच कंपनीच्या घ्या.

८. एवढं सगळं ठीक आहे आणि तरी पुरत नाही

तर मग खरोखर वाढवायची वेळ आली. खर्चाच्या बेरजेला ३.५ ने भागा, म्हणजे पाच तास गुणिले ०.७. आलेला आकडा पॅनलचे वॅट. रोज १५०० लागत असतील तर ४३० वॅट, त्याला छतावर दोन चौरस मीटरहून थोडी जास्त जागा. बॅटरी एका दिवसाची धरा: लेड-ॲसिड २५० अँपिअर-तास किंवा लिथियम १३०.

पावसाळ्यासाठी पॅनलवर विसंबू नका. जाड ढगांखाली पॅनल छापील वॅटच्या दहा ते पंचवीस टक्केच देतं. जुलैच्या आंबोलीत छतभर पॅनलंही तुमचा फ्रिज सांभाळणार नाहीत. तिथे गाडीचा अल्टरनेटर उपयोगी. ३० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर (अल्टरनेटरच्या विजेवर दुसरी बॅटरी भरणारा) दोन तासांच्या प्रवासात ७८० वॅट-तासांच्या आसपास भरतो. बीएस-६ गाड्यांपैकी बऱ्याच गाड्यांचा अल्टरनेटर बॅटरी भरली की स्वतःचं व्होल्टेज कमी करतो, त्यामुळे जुन्या पद्धतीच्या नुसत्या रिलेने (दोन बॅटरी थेट जोडणारा स्विच) दुसरी बॅटरी पूर्ण भरत नाही.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

बॅटरी फुगलेली असेल किंवा सडक्या अंड्याचा वास येत असेल तर काही सोडवायला जाऊ नका. चार्जिंग बंद करता आलं तर करा, दारं-खिडक्या उघडा, ठिणगी किंवा काडी पेटवू नका, बाहेर या.

वायरचं आवरण वितळलेलं, फ्यूज पुन्हा पुन्हा उडतोय. मोठा फ्यूज टाकून बघणं ही आग लावायची रीत आहे. फ्यूज वायरच्या रक्षणासाठी असतो आणि तो बॅटरीच्या अगदी जवळ हवा. मला आलेल्या गाड्यांत घरच्या एसी विजेसाठीचा एमसीबी (आपोआप पडणारा स्विच) डीसी लाइनवर लावलेला खूपदा दिसतो. डीसीची ठिणगी त्याला विझवता येईलच असं नाही. हेही जाणकाराकडून बदलून घ्या.

२३० व्होल्टच्या वायरिंगचं कुठलंही काम, आणि बाहेरची वीज लावल्यावर गाडीच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येत असतील तर लगेच. प्लग काढा आणि दुरुस्तीशिवाय पुन्हा लावू नका. मुलं अनवाणी ओल्या मातीवर उभी राहून गाडीला हात लावतात, हे डोळ्यांपुढे आणा.

एकामागे एक जोडलेली पॅनलं, जिथे व्होल्टेज साठच्या वर जातं. लिथियम बॅटरीचं बीएमएस रोज ट्रिप होतंय. अल्टरनेटरच्या वायरिंगला हात घालायचाय आणि गाडी अजून वॉरंटीत आहे. छताला नवीन भोकं पाडायची आहेत. या सगळ्यांत एका चुकीचा खर्च जाणकाराच्या मजुरीच्या कितीतरी पट असतो. छतावर कायमचं वजन वाढवणार असाल तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. आरटीओला विचारल्याशिवाय गाडीच्या मूळ रचनेत बदल करू नका, अपघातानंतर विम्याच्या वेळी तो प्रश्न पुढे येतो.

आणि जाणकाराला फोन कराल तेव्हा चार आकडे लिहून ठेवा: दिवसाच्या खर्चाची बेरीज, सकाळी सहाला सगळं बंद असतानाचं बॅटरीचं व्होल्टेज, बॅटरी उतरलेली असताना सकाळी दहाला कंट्रोलरवर दिसणारे वॅट, आणि फ्रिज चालू असताना फ्रिजपाशी मिळणारं व्होल्टेज. काकू आता हे चारही एका छोट्या वहीत लिहितात. मागच्या महिन्यात गणपतीपुळ्याहून त्यांचा फोन आला तेव्हा त्यांनी आकडे वाचून दाखवले. फ्रिजपाशी १०.९ होते, आदल्या दिवशी १२.० होते. प्लगच्या मागचा लग (वायरच्या टोकाची धातूची पट्टी) सैल झाला होता, काकांनी पक्कडीने तो तिथल्या तिथे आवळला. फोन ठेवायच्या आत कंप्रेसर सुरू झालेला मला ऐकू आला.